सहल आणि वहिवाट : गाढी नदीच्या मोलाचा प्रश्न

माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी पनवेलच्या हिशेबात प्रथम आली ती पाण्याच्या रूपाने. १८५२ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेने पुढे देहरंगचे धरण बांधले आणि शहरास पाणी मिळाले. नदीकाठच्या विहाराचे मोल मात्र कोणत्याही जमाखर्चात चढले नाही. कारण त्यास दाम पडत नव्हता.

दाम नाही म्हणजे मोल नाही, हा समज हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये खोडून काढला. निरनिराळ्या अंतरांवरून येणारे लोक प्रवासास किती खर्च सोसतात, यावरून निःशुल्क स्थळाचा लाभ काढता येतो, असे त्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांसंबंधी सुचविले. मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये त्या सूचनेस पद्धतीचे रूप दिले.

पावसाळ्यात मुंबईहून गाढेश्वरास येणाऱ्यांना ही पद्धत सहज लागू पडते. परंतु ती सहल मोजते, वहिवाट मोजीत नाही. ज्या ठाकर-कातकरी वाड्यांच्या नित्य जाण्यायेण्याने तेथील पायवाटा मळल्या, त्यांचे चालणे विहार नव्हे. म्हणून ते गणनेबाहेरच राहते. अशा गणनेवरून नदीकाठाचे भवितव्य ठरविले, तर वाटेचे मोल धरले जाईल आणि वाट पाडणाऱ्यांचा हक्क मात्र नोंदीवाचून राहील.