मतपेटीतील इंदूर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करून घेत आणि मग हळूच विचारीत, "पण त्या दिवशी साधा माणूस काय करीत होता?" मल्हारगंजातील या शाळेत ऐकलेला तोच प्रश्न घेऊन मी इंदूर लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासाकडे वळतो.

हा मतदारसंघ नावाने शहराचा. परंतु सांवेर आणि देपालपूरकडील गहू-सोयाबीन पिकविणारी गावेही त्यातच येतात. १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले आणि कालची प्रजा १९५२ मध्ये मतदार झाली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. माझी आजी त्या पेट्यांचे वर्णन मोठ्या अभिमानाने करी. तो मान सर्व स्त्रियांना लाभला नाही. स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढीच ओळख दिल्यामुळे देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून वगळल्या गेल्या. हे ज्या प्रांतांत अधिक घडले, त्यांत आपला मध्यभारतही होता.

१९५२ मध्ये नंदलाल जोशी आणि १९५७ मध्ये कन्हैयालाल खादीवाला, असे काँग्रेसचे दोन खासदार झाले. १९६२ मध्ये मात्र अपक्ष म्हणून उभे राहिलेले साम्यवादी पुढारी होमी दाजी विजयी झाले. पारशी समाज येथे मूठभर. तेव्हा जातीच्या मतांवर हा विजय मिळालेला नाही, हे उघड आहे. त्यांच्यामागे कापडगिरण्यांतील कामगार उभा होता. त्यांनी हरविलेले रामसिंहभाई वर्मा हेही कामगारांचेच पुढारी होते. म्हणजे कामगाराला दोन कामगार-पुढाऱ्यांतून एकाची निवड करावयाची होती. पुढे प्रकाशचंद्र सेठी मुख्यमंत्री झाल्यावर १९७२ च्या पोटनिवडणुकीत हेच रामसिंहभाई लोकसभेत गेले. आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, समाजवादी कल्याण जैन निवडून आले; १९८० मध्ये सेठी परतले.

१९८९ मध्ये याच सेठींना, देशाचे गृहमंत्रिपद भूषविलेल्या नेत्याला, भारतीय जनता पक्षाच्या सुमित्रा महाजन यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभूत केले. चिपळूणची माहेरवाशीण, इंदूरची सून. ताई सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. हिंदीभाषक बहुसंख्येच्या मतदारसंघाने मराठी घरातील स्त्रीला तीस वर्षे आपली म्हटले, याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिक आहे. ज्या प्रांतात नाव न सांगितल्यामुळे स्त्रिया यादीतून गळल्या, तेथेच एका स्त्रीचे नाव घरोघरी झाले, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

याच काळात गिरण्यांचे भोंगे थांबले. १९९१ च्या अखेरीस हुकुमचंद मिल बंद पडली आणि १९६२ चा तो संघटित मतदार विखुरला.

आता २०२४. काँग्रेसच्या उमेदवाराने मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला. शंकर लालवानी ११ लाख ७५ हजार ९२ मतांनी विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, तर 'नोटा' होता. २ लाख १८ हजार ६७४ मतदारांनी ते बटण दाबले. नोटाने निकाल बदलत नाही, हे ठाऊक असूनही ते उन्हात रांगेत उभे राहिले. विजयी पक्षाला मत देणारेही रांगेतच होते. कोणाचेही मत कमी मोलाचे नाही. परंतु मताधिक्याचा आकडा मोठा झाला म्हणून निवड मोठी होत नाही. निवडीला निदान दोन तोलाची माणसे समोर लागतात. १९६२ आणि १९८९ ही वर्षे म्हणूनच स्मरणात राहतात.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच देईन : त्या दिवशी साधा माणूस रांगेत उभा होता. त्याच्यापुढे खरी निवड ठेवणे हे पक्षांचे काम, आणि ती मागत राहणे हे आपले.

 गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.