आगमनकाळातली शांती: एक आशीर्वाद आणि एक चाक

डिसेंबर आला की अनेक चर्चमध्ये हिरव्या डहाळ्यांचं एक चक्र दिसतं, त्यावर चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची, प्रार्थना करायची, शेवटी आशीर्वाद घ्यायचा. नाताळाआधीच्या या चार रविवारांच्या काळाला मराठी ख्रिस्ती समाज 'आगमनकाळ' म्हणतो. या विधीतून मनाला शांती मिळते, असं लोक सांगतात. त्यावर लिहिताना आपण पटकन 'प्राचीन परंपरा' असं लिहून मोकळे होतो. मित्रांनो, इथेच थांबा. एका विधीतल्या प्रत्येक गोष्टीचं वय वेगळं असू शकतं.

आधी चक्र घेऊ. योहान हिन्रिख विखर्न या ल्युथरन धर्मशास्त्रज्ञाने 1833 साली हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी 'राउहेस हाउस' सुरू केलं. नाताळ कधी येणार, असं मुलं सारखी विचारायची. म्हणून 1839 मध्ये त्याने गाडीच्या चाकावर 20 लहान लाल आणि 4 मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, अशी हकीकत सांगितली जाते. मी विज्ञानाचा विद्यार्थी, माझा हात आधी कॅलेंडरकडे जातो. आगमनकाळ 22 ते 28 दिवसांचा असतो, म्हणजे लहान मेणबत्त्या 18 ते 24 लागतील. मग 20 च का? 1839 चा नाताळ बुधवारी होता. पहिला रविवार 1 डिसेंबर. तिथून 24 डिसेंबरपर्यंत 4 रविवार आणि बरोबर 20 इतर दिवस! हा पुरावा नव्हे, पण आकडा हकीकतीशी जुळतो. अशी तपासणी करायला पाच मिनिटं लागतात आणि ती करावीच.

आता आशीर्वाद. ल्युथरन उपासना ज्या आशीर्वादाने संपते तो बायबलच्या 'गणना' या पुस्तकात आहे (6:24-26). देव तुझं रक्षण करो, तुझ्यावर त्याचं मुख प्रकाशित होवो, असं मागत तो शेवटी 'शालोम' या शब्दावर थांबतो. आपण त्याचं भाषांतर 'शांती' करतो, पण हिब्रूत त्यात क्षेम, पूर्णपणा, काही तुटलेलं नसणं हेही येतं. मार्टिन ल्यूथरने 1526 च्या आपल्या जर्मन उपासनाविधीत हाच आशीर्वाद घेतला. आणि तो किती जुना? 1979 साली जेरुसलेममधल्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. त्यांचं वय साधारण 2600 वर्षं मानलं जातं. उलगडताना चांदी मोडू नये म्हणून फार जपावं लागलं.

म्हणजे एकाच उपासनेत अडीच हजार वर्षांहून जुने शब्द आणि दोनशे वर्षंही न झालेलं चाक शेजारी-शेजारी आहेत. खुद्द चक्राला आशीर्वाद देण्याचा विधी तर आणखी नवा, अमेरिकी कॅथलिकांच्या आशीर्वाद-ग्रंथात तो 1989 मध्ये दिसतो.

नवी म्हणून ती शांती खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. ज्या मुलांना उद्याच्या जेवणाची खात्री नव्हती, त्यांच्यासाठी वाट पाहणं म्हणजे काळजीच असणार. चाकाने त्या वाट पाहण्याला आकडा दिला, रोज दिसेल असा. जुने शब्द आधीपासून होतेच, त्यांना रोजचा उजेड मिळाला. त्या वर्षी शेवटची लहान मेणबत्ती मंगळवारची होती.