जत्रेमागून जत्रा

साल 1958. जिल्ह्याचं नाव अजून पूर्व खानदेश, राज्य मुंबई. तू बारा वर्षांचा आहेस आणि बोरी नदीकाठच्या एका गावच्या दंगलीत लंगोट लावून उभा आहेस. लहान पोरांच्या कुस्त्या आधी लागतात. पंच तुझा दंड चाचपतो, समोरच्या पोराचा चाचपतो, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतो आणि ओरडतो, "जोड जमली!" तू चिमूटभर माती त्याच्या अंगावर टाकतोस, तो तुझ्या. डफडं कडाडतं. पुढचं तुला नीट आठवणार नाही. त्याची पाठ मातीला लागली, एवढंच कळतं. बक्षीस म्हणून ओंजळभर रेवड्या मिळतात. बाप सालदार आहे. तो गर्दीतून वाट काढत येतो आणि काही न बोलता तुझ्या अंगावरची माती झटकतो.

त्या दिवसापासून तू गावच्या तालमीतला. पहाटे उठून हौद खणायचा, मातीत ताक, तेल, हळद कालवायची, मग जोर आणि बैठका. पाटलांच्या पोराला बदामाची थंडाई येते. तुला कळण्याची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. वस्ताद स्वतःच्या म्हशीचं दूध तुझ्या तांब्यात ओततो, आणि त्याचा हिशेब कधी मांडत नाही. गरिबाघरचे किती पैलवान अशा तांब्यांवर उभे राहिले, हे कुणी मोजलेलं नाही.

1962. आता राज्य महाराष्ट्र, आणि धुळ्यात महाराष्ट्र केसरीची कुस्ती आहे. आदल्याच वर्षी औरंगाबादेत ही स्पर्धा सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. वस्तादाबरोबर तू एस.टी.ने धुळ्याला पोचतोस. माणसं झाडांवर चढून बसली आहेत. भगवान मोरे जिंकतात. तू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाहीस, पायांकडे बघतोस. पाय कुठे पडतो आणि कधी उचलला जातो, ते.

चार वर्षांनी तीच स्पर्धा जळगावात येते, आणि या वेळी खालच्या वजनगटात तू स्वतः उतरला आहेस. पहिली कुस्ती काढतोस. दुसऱ्या कुस्तीत एक कोल्हापूरकर तुला ढाक लावून असा टाकतो की छातीतला वारा निघून जातो. केसरीचा मान जातो दीनानाथ सिंहांकडे. उत्तर प्रदेशातून आलेला, कोल्हापूरच्या मातीत घडलेला हा मल्ल पुढे हिंद केसरीही होणार आहे. त्या रात्री जळगाव स्टेशनच्या बाकावर पडल्या पडल्या तुला उमगतं की केसरीपद आपल्या नशिबात नाही. कुस्ती मात्र आहे.

इथून तुझी खरी कारकीर्द सुरू होते.

मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार, चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरेची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ. या मोठ्या यात्रांच्या अधेमधे गावोगावच्या जत्रा, आणि जत्रा म्हटली की दंगल आलीच. एका पिशवीत लंगोट, पंचा, तेलाची बाटली. चाळीसगाव-धुळे पॅसेंजर, सुरत-भुसावळ लाइन, नाहीतर पायी. कधी मालेगाव, कधी बऱ्हाणपूर. गावात पोचल्यावर आधी इनामाचा आकडा विचारायचा, मग आखाड्याला फेरी मारून शड्डू ठोकायचा. जोड सुटायला हवी, पण इतकी सोपी नको की लोक ओरडतील. चितपट केली तर पूर्ण इनाम. बरोबरीत सोडवली तर निम्मं निम्मं. मग पंचा पसरून गर्दीतून फिरायचं. कुणी चार आणे टाकतं, कुणी रुपया.

मालेगावचा एक पैलवान तुला हंगामात तीनदा तरी भेटतो. त्याचा डावा गुडघा कच्चा आहे हे तुला माहीत आहे, तुझा उजवा खांदा उतरतो हे त्याला. दोघंही तिथे हात घालत नाहीत. ही समजूत कुणी तोंडाने बोललेली नाही. एकदा पाऊण तास झोंबी चालते, ऊन डोक्यावर येतं, कडेवरून वस्ताद ओरडतो, "घाई करू नको रे भो, त्याले दमू दे!" आणि मग, "आते काढ पट!" तू पट काढतोस. संध्याकाळी तोच माणूस तुझ्या शेजारी बसून शेवभाजी खातो आणि पुढची दंगल कुठे आहे ते सांगतो. तुझे दोन्ही कान आता मोडून गोळा झाले आहेत. स्टेशनवर अनोळखी लोक कान बघून तुला जागा देतात.

मग 1972 चा दुष्काळ. जत्रा भरते, पण इनाम ठेवायला गावाकडे पैसा नाही. दुष्काळी कामावर तू खडी फोडतोस. अंग उतरतं, आणि सव्विसाव्या वर्षी उतरलेलं अंग पूर्ण भरून येत नाही. अजून काही हंगाम निघतात. नंतर जळगावच्या जिनिंगमध्ये हमाली, आणि पहाटे गावच्या तालमीत पोरं. आता दूध तू ओततोस.

2016 साल. तू सत्तर वर्षांचा आहेस. पुण्यात वारजे इथे चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी अभिजित कटकेला हरवून सलग तिसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी होतो. पुढे सरकार त्याला पोलीस उपअधीक्षक करतं. टीव्हीसमोर तू रडतोस, आणि त्यात हेव्याचा लवलेश नाही. त्याच्यासारखा मल्ल एकट्या तालमीतून येत नाही. गावोगावच्या दंगली जित्या राहिल्या म्हणून तो येतो, आणि त्या जित्या ठेवल्या तुझ्यासारख्यांनी.

आता वाचणाऱ्यांना एक सांगतो. केसरींना सरकारी मानधन आहे, ते असायलाच हवं. पण जत्रेमागून जत्रा करत आयुष्य काढलेले पैलवान आज खानदेशच्या गावांत झिजलेले गुडघे घेऊन बसले आहेत. यात्रा समित्या त्यांना फेटा बांधतात, नारळ देतात. त्याबरोबर दंगलीच्या वर्गणीतला एक वाटा त्यांच्या दवाखान्यासाठी वेगळा काढा. आणि समितीच्या जुन्या वह्यांत जोडींची नावं कुठे लिहिलेली असतील, तर वाळवी लागण्याआधी ती उतरवून घ्या.