घरगुती एस्प्रेसो यंत्र

घरगुती एस्प्रेसो यंत्र हे बारीक दळून दाबून बसवलेल्या कॉफीच्या पुडीतून गरम पाणी उच्च दाबाने पाठवून घट्ट कॉफी काढण्याचे विद्युत उपकरण आहे. एस्प्रेसोसाठी सर्वसाधारणपणे ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, सुमारे ९ बार दाब आणि २५ ते ३० सेकंदांचा कालावधी योग्य मानला जातो. माफक किमतीच्या यंत्रांत दाब मिळवणे तुलनेने सोपे असते. तापमान स्थिर राखणे अवघड असते. त्यामुळे अशा यंत्राची निवड करताना तापमान नियंत्रणाच्या पद्धतीला विशेष महत्त्व येते.

इतिहास

इटलीतील तुरिन येथील अँजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी एकेक पेला कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रांत दाब वाफेपासूनच मिळत असे. दाब वाढवायचा तर तापमानही वाढे आणि कॉफी जळकट लागे. वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब असलेल्या वाफेचे तापमान सुमारे १२० अंश असते. केवळ वाफेने ९ बार दाब मिळवायचा तर ते सुमारे १८० अंशांपर्यंत न्यावे लागेल. अकिल्ले गाज्जा यांनी १९३८ मध्ये घेतलेल्या पेटंटनंतर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या तरफेच्या यंत्रांमुळे दाब व उष्णता परस्परांपासून वेगळे झाले. १९६१ च्या फाएमा ई-६१ या यंत्रात तरफेची जागा विजेच्या पंपाने घेतली.

तापमान नियंत्रणाच्या पद्धती

केवळ वाफेवर चालणारी यंत्रे: सर्वांत स्वस्त घरगुती यंत्रांत पंप नसतो. त्यांत बेझ्झेरा यांच्या काळातील अडचण कायम राहते. दाब अपुरा आणि पाणी अतितप्त असल्याने मिळणारे पेय कडक कॉफी असते, एस्प्रेसो नव्हे.

साधा थर्मोस्टॅट: यात विजेच्या इस्त्रीप्रमाणे ठरावीक तापमानाला वीजप्रवाह खंडित होतो आणि तापमान बरेच उतरल्यावर पुन्हा सुरू होतो. परिणामी पाण्याचे तापमान अनेक अंशांनी वर-खाली होते. यंत्रावरील दिवा लागण्या-विझण्याची वेळ पाहून नेमक्या क्षणी कॉफी काढण्याची युक्ती अनुभवी वापरकर्ते करतात.

पीआयडी नियंत्रक: हा नियंत्रक अपेक्षित व प्रत्यक्ष तापमानातील फरक, त्या फरकाची साठत गेलेली बेरीज आणि त्याच्या बदलाचा वेग या तिन्ही गोष्टी विचारात घेऊन तापकाला थोडी थोडी वीज देतो. त्यामुळे बॉयलरचे तापमान ठरवलेल्या अंकाच्या अगदी जवळ राहते. २००० च्या दशकाच्या आरंभी हौशी वापरकर्ते रॅन्चिलिओ सिल्व्हियासारख्या यंत्रांत हा नियंत्रक स्वतः बसवू लागले. पुढे काही मध्यम किमतीच्या यंत्रांत तो मुळातच दिला जाऊ लागला.

थर्मोब्लॉक: यात पाणी साठवून न तापवता तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील मार्गिकेतून नेले जाते. यंत्र लवकर तयार होते. मात्र पीआयडीची जोड नसल्यास कॉफी काढत असताना तापमान ढळू शकते.

निवडीचे निकष

जाहिरातींत १५ किंवा २० बार हा आकडा ठळकपणे दिलेला असतो. तो पंपाची कमाल क्षमता दर्शवतो. पुडीवर सुमारे ९ बार दाबच पुरेसा असतो. त्यापेक्षा पुढील बाबी अधिक उपयुक्त ठरतात: यंत्रास पंप आहे का, तापमान वापरकर्त्यास बदलता येते का, आणि ते स्थिर राखण्याची सोय कोणती आहे. तापमान दाखवणारा काटा म्हणजे तापमान राखणारा नियंत्रक नव्हे.

तापमान कमी पडल्यास कॉफी आंबट व पातळ लागते, जास्त झाल्यास कडवट. हलक्या भाजणीच्या बियांना तुलनेने अधिक, तर गडद भाजणीच्या बियांना कमी तापमान मानवते. बिया समान दळल्या गेल्या नाहीत तर नियंत्रित तापमानाचाही लाभ मिळत नाही. म्हणून एकूण खर्चातील काही भाग चांगल्या दळणयंत्रासाठी राखून ठेवणे हितावह असते.

स्थानिक परिस्थिती

महाराष्ट्रात लग्नसमारंभांत मिळणारी ‘एक्स्प्रेसो कॉफी’ ही वाफेने फेसाळलेल्या दुधात कॉफीची पूड घालून केलेली असते. नावातील साम्यामुळे दोहोंत गल्लत होते आणि केवळ वाफेवर चालणारे यंत्र विकत घेतले जाण्याचा संभव राहतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वरसारख्या अधिक उंच ठिकाणी ते आणखी कमी तापमानाला उकळते. उकळत्या पाण्यात तापमापक पडताळताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो, अन्यथा अचूक तापमापकही सदोष वाटतो. नाशिकच्या थंडीत मूठ असलेले धातूचे गाळणे गार राहिल्यास ते पाण्यातील उष्णता शोषून घेते. त्यामुळे गाळणे यंत्रास जोडूनच आधी तापू द्यावे लागते. हा दोष पीआयडी दूर करू शकत नाही.

दख्खनच्या काळ्या खडकातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यातील क्षार बॉयलर व तापमान-संवेदकावर साचल्यास नियंत्रण बिघडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत ग्राह्य, तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. त्यामुळे पिण्यास योग्य असलेले पाणी यंत्रास योग्य असेलच असे नाही. याउलट, जवळजवळ सर्व क्षार काढलेल्या पाण्याने कॉफी बेचव होते.

भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. अमेरिकेतून आणलेले ११० ते १२० व्होल्टचे यंत्र थेट जोडल्यास जळू शकते. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर सुमारे १,३८० वॅटपर्यंतच भार घेता येतो. त्याहून अधिक क्षमतेच्या यंत्रासाठी १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो.

देखभाल

जाळी व गाळणे रोज धुणे आणि पाण्याच्या कठीणतेनुसार ठरावीक काळाने क्षार काढणे आवश्यक असते. क्षार काढण्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजेच लिंबूसत्त्व, वापरले जाते. मात्र बॉयलरच्या धातूस ते मानवते का, हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते. माफक किमतीच्या यंत्राबाबत सुटे भाग व दुरुस्ती जवळच्या शहरात उपलब्ध असणे, हाही निवडीचा महत्त्वाचा निकष ठरतो.