अर्ध्या मात्रेचा धडा

रक्ताचा तीव्र कर्करोग रोग्यास सवड देत नाही. त्यांतील मायलॉइड प्रकारावर सायटराबीन सात दिवस व डॉनोरुबिसिन तीन दिवस देण्याचा उपचार १९७३ मध्ये पुढे आला; परंतु तो निरोगी पेशींनाही सोडीत नसे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांना काही रोग्यांच्या पेशींत 'एफएलटी-३' ह्या जनुकाचा बिघाड आढळला. पेशींची वाढ थांबू न देणारा हाच तो दोष. त्याचे कार्य रोखणारे मिडोस्टॉरिन एकटे देऊन पाहिले, तेव्हा रोगपेशी घटल्या. रोग मात्र क्वचितच हटला. म्हणून ते जुन्या उपचारास जोडण्यात आले. आरंभीच्या ह्या चाचणीत ६९ रोगी होते. दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम अनेकांना सोसेना. ५० मिलिग्रॅम सोसले. २००८ मध्ये त्याच मात्रेवर मोठी परीक्षा सुरू झाली. हा बिघाड असलेल्या ७१७ रोग्यांपैकी निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधरहित गोळी, आणि केमोथेरपी सर्वांना. चार वर्षांनी जगण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत शेकडा ५१, इतरांत ४४ भरले. २०१७ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. शंभरांत सात हा आकडा लहान खरा. पण त्या सात घरांना तो लहान नव्हे. आणि अधिक मात्रा म्हणजे अधिक गुण नव्हे, हे आधीच्या ६९ जणांनी स्वतः सोसून दाखविले होते.