जीवक नांव घेतलेला डॉक्टर

बुद्धकाळांतील जीवक वैद्याची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. तक्षशिलेस विद्या पुरी होत आली तेव्हां गुरूनें त्याला सांगितलें, "नगराभोंवतीं योजनभर हिंड, आणि जिचा औषधाला उपयोग नाहीं अशी एखादी वनस्पति घेऊन ये." जीवक रिकाम्या हातीं परतला, आणि गुरूनें ओळखलें कीं याचें शिक्षण संपलें. पुढें तो राजा बिंबिसाराचा आणि प्रत्यक्ष बुद्धाचा वैद्य झाला. विसाव्या शतकांत एका इंग्रज डॉक्टरानें भारतांत येऊन हेंच नांव धारण केलें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मायकेल डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजीं लंडनमध्यें झाला. दप्तरीं त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली. थोड्याच दिवसांत आई वारली. फोकस्टन येथील आत्यांनीं त्यांना वाढविलें. ऑक्सफर्डला त्यांनीं ग्रीक व लॅटिन विद्यांचा अभ्यास केला, स्त्रियांच्या नौकामंडळाचें अध्यक्षपद भूषविलें, आणि १९३८ सालीं पदवी घेतली. परंतु आपण स्त्री आहोंत ही गोष्ट त्यांच्या मनाला कधींच पटली नव्हती.

त्या सुमारास पुरुषांच्या शरीरांतील अंतःस्रावी द्रव्य, म्हणजे टेस्टोस्टेरोन, गोळ्यांच्या रूपानें नुकतेंच उपलब्ध झालें होतें. डॉ. फॉस नांवाच्या डॉक्टरांकडे डिलन गेले. त्यांनीं आधीं मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यास सांगितलें, आणि त्या तज्ज्ञानेंच रोग्याचें गुपित बाहेर बोलून टाकलें! ज्याच्यापाशीं मन मोकळें करावयाचें त्यानेंच तें चव्हाट्यावर मांडावें, याहून मोठा वैद्यकीय अपराध मला तरी सुचत नाहीं. डिलन यांना नोकरीचें गांव सोडावें लागलें. युद्धाच्या काळांत ब्रिस्टल येथें एका मोटार-गॅरेजांत ते पेट्रोल भरीत, नादुरुस्त गाड्या ओढून आणीत, आणि बाँबवर्षावाच्या रात्रीं आगीवर पहारा ठेवीत.

या दिवसांतच त्यांच्या मनांत एक ग्रंथ आकार घेत होता. तो १९४६ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. नांव 'सेल्फ', म्हणजे 'स्व'. विषय नीतिशास्त्र आणि अंतःस्रावी ग्रंथींचें शास्त्र. त्यांतील मुख्य प्रतिपादन असें कीं, मन शरीरास जुळवून घेऊं शकत नसेल, तर शरीरच शक्य तितकें मनास जुळवून द्यावें. अशा माणसांच्या मनावर उपचार करून त्यांना 'सुधारण्याचा' खटाटोप व्यर्थ आहे, हें त्यांनीं तर्कशुद्ध रीतीनें मांडलें. ग्रंथांत स्वतःविषयीं मात्र चकार शब्द नाहीं. आज कित्येक जण स्वतःस स्त्री वा पुरुष यांपैकीं कोणत्याच सदरांत घालीत नाहींत. डिलन यांची भूमिका तशी नव्हती. ते स्वतःस पुरुषच समजत. पण जन्मकाळच्या नोंदीपेक्षां माणसाच्या स्वतःच्या साक्षीस अधिक मोल द्यावें, हा विचार त्यांनीं वैद्यकशास्त्राच्या दारीं फार लवकर नेऊन ठेवला.

१९४४ सालीं त्यांच्या जन्मदाखल्यांत दुरुस्ती झाली. पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांचे चेहरे पुन्हां घडविणारे प्रसिद्ध शस्त्रवैद्य सर हॅरोल्ड गिलीज यांनीं १९४६ ते १९४९ या काळांत त्यांच्यावर निदान १३ शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षांत डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत वैद्यकी शिकत होते! प्रवेशासाठीं ऑक्सफर्डची पदवी दाखवावयाची, तर ती स्त्रियांच्या संस्थेची. तेव्हां एका जुन्या शिक्षकानें खटपट केली आणि विद्यापीठाच्या दप्तरांत पुरुषांच्या कॉलेजाचें नांव लागलें. आयुष्यभर हजेरीपट सांभाळलेल्या माझ्यासारख्या मास्तराला दप्तरांतील खाडाखोड सहसा खपत नाहीं. पण येथें खाडाखोडीनें दप्तर अधिक खरें झालें, असेंच मी म्हणेन.

१९५१ सालीं ते डॉक्टर झाले आणि १९५२ पासून व्यापारी जहाजांवर नोकरी करूं लागले. वडील बंधु आयर्लंडमधील एका घराण्याचे बॅरोनेट होते, आणि त्यांना मुलगा नव्हता. सरदार घराण्यांच्या एका सूचिग्रंथानें वारस म्हणून मायकेल यांचें नांव छापलें, दुसऱ्यानें जुनें स्त्रीचें नांव तसेंच ठेवलें. ही विसंगति १९५८ सालीं वृत्तपत्रांच्या हातीं लागली. जहाज अमेरिकेंत बाल्टिमोरच्या बंदरांत असतांना बातमीदारांनीं त्यांना गांठलें. १५ वर्षें जपलेली अब्रू एका सकाळींत जगभर पसरली.

डिलन भारताकडे निघाले. कॅलिंपाँग येथें संघरक्षित या इंग्रज भिक्षूंजवळ ते राहिले. हे तेच संघरक्षित, जे ६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनाची वार्ता आली तेव्हां नागपुरांत होते आणि ज्यांनीं शोकाकुल जनसमुदायास धीर दिला. पुढें सारनाथ येथें डिलन यांनीं उपसंपदा मागितली. परंतु तृतीयप्रकृतीच्या व्यक्तीस भिक्षुसंघांत घेऊं नये असा विनयपिटकाचा नियम आड आला. लंडनच्या वर्तमानपत्रांपासून पळालेल्या माणसाला तोच प्रश्न सारनाथला पुन्हां विचारला गेला.

तिबेटी परंपरेंत मात्र त्यांना श्रामणेराचें स्थान मिळालें. १९६० सालीं लडाखांतील रिझोंग मठांत लोब्झंग जीवक या नांवानें ते राहिले. ऑक्सफर्डचा हा पदवीधर तेथें स्वयंपाकघरांत राबे आणि पंक्तींत लहान पोरांबरोबर बसे. या अनुभवावर 'इम्जी गेत्सुल' हें त्यांचें पुस्तक १९६२ सालीं निघालें. इम्जी म्हणजे इंग्रज, गेत्सुल म्हणजे श्रामणेर. मिलारेपाचें चरित्रही त्यांनीं इंग्रजींत सांगितलें. जवळ पैसा नाहीं, प्रकृति खालावलेली, पण लेखणी थांबली नाहीं. १५ मे १९६२ रोजीं डलहौसी येथें, वयाच्या ४७ व्या वर्षीं, त्यांचा देहान्त झाला.

मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं त्यांनीं आपल्या आत्मचरित्राचें हस्तलिखित लंडनला पाठविलें होतें. तें जाळून टाकावें अशी बंधूंची इच्छा होती. तें वांचलें, आणि ५० वर्षांहून अधिक काळ अडगळींत पडून राहिलें. शेवटीं न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठानें तें छापलें. मुखपृष्ठावर दोन्ही नांवें आहेत: मायकेल डिलन आणि लोब्झंग जीवक.