बर्फाची लादी आणि बारदाना

बर्फाच्या व्यापाराचा इतिहास सांगताना आपण जहाजांची नावं घेतो. १८३३ साली बोस्टनहून निघालेलं 'टस्कनी' चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ उरला होता. १८३४ मध्ये मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरला. पण तो उचलणाऱ्या हातांचं काय, हे आपण विचारत नाही.

लादी निसटते का? तळव्याच्या उबेनं बर्फ वितळतो, मध्ये पाण्याचा पातळ थर येतो. बोटं बधिर होतात, पकड सुटते, आणि लादी पायावर पडली तर बोटं चेचतात. परदेशात यासाठी लोखंडी चिमटे आले. पुढे कारखान्यातली लादी गावोगाव पोचली. आपल्या संत्र्याच्या नरखेड तालुक्यात उन्हाळ्यातल्या लग्नघरी ती उतरवायला हाताशी असतो तो बारदाना. ताग पाणी शोषतो, त्याच्या खरबरीत धाग्यांनी पकड येते, गारठाही कमी झोंबतो. म्हणजे लादी वितळू नये म्हणून जो बारदाना गुंडाळतो, तोच हातही राखतो!

त्याला वेगळं नाव नाही. काम झालं की तो पुन्हा पोतंच. म्हणून चिमटा संग्रहालयात जाऊन बसतो, अन् बारदाना वाळत घातला जातो. कष्टाचा इतिहास शोधायचा तर आपण त्या दोरीकडे आधी बघायला हवं.